मंगळवारचा चहा

शकूताई, तुझं पातेलं माझ्याकडे आहे. तुझ्या लेकीनं विचारलं, "मावशी, आईची आठवण म्हणून काय देऊ? साडी बघता का एखादी?" मी म्हटलं, साडी राहू दे, ते चहाचं पातेलं दे. तिनं माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि बिचारीनं निमूटपणे पिशवीत घालून दिलं. बुडाला काळं, एका बाजूला पोचा आलेला, झाकण भलत्याच डब्याचं. लेक ठाण्याला राहते, तिला आपला मंगळवार कुठून माहीत असणार.

विहारात तुझ्यासाठी सभा झाली तेव्हा बोलणाऱ्यांनी तुझा पार पुतळा करून टाकला. सेवाभावी, शांत, मृदुभाषी. मृदुभाषी म्हटल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या प्रकाशला ठसकाच लागला. पहिल्याच भेटीत तू त्याला, माझ्या नवऱ्याला, "नाटकं बंद कर आणि बाही वर घे, बीपी बघू दे" असं सुनावलं होतंस, ते त्याला आठवलं असणार. मला बोलायला सांगितलं तर मी उठलेच नाही. सगळ्या कॉलनीला आश्चर्य वाटलं, कारण उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा लौकिक. पण मला जे बोलायचं होतं ते त्या माइकवरून बोलण्यासारखं नव्हतं, ते तुझ्याशी होतं. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तेव्हा आता ऐक. तू मध्ये तोडणार नाहीस, एवढी एक सोय झालीय.

प्रकाशला मी तुझ्याकडे आणलं तेव्हा डोक्यात राख घालूनच आले होते. नवरा पिकअप चालवतो, देवळ्याचा कांदा आणि निफाडची द्राक्षं वाशीच्या मार्केटला पोचवतो. सारखं स्टिअरिंगवर बसून कंबर धरायचीच. मेडिकलवाल्यानं एक गोळी दिली. दुखणं थांबलं, वर जरा हलकंही वाटलं. मग एकाच्या दोन झाल्या, दोनाचं पाकीट झालं. पुढे पुढे गोळी मिळाली नाही की भर उन्हात माणसाला हुडहुडी भरायची, नाक गळायचं, पोरांवर वसवस करायचा. दारू नाही, बिडी नाही, म्हणून मी नातेवाइकांत मिरवत होते की आमच्याकडे कसलं व्यसन नाही बाई. तू पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलंस आणि म्हणालीस, ही अफूच्याच घराण्यातली, कपडे तेवढे बदलून आलीय. मी अभिमानानं सांगितलं की घरातल्या सगळ्या गोळ्या सकाळीच गटारात टाकून आलेय. त्यावर तू मला जे झापलंस! एकदम बंद करायची नसते, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू उतरवायची असते, मेला असता तो तडफडून, तुला नवरा नकोसा झालाय का. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, हेडमास्तरसुद्धा माझ्याशी दबून बोलतात, आणि इथे सरकारी दवाखान्यातली रिटायर झालेली सिस्टर मला पोरीसारखी झापत होती.  त्या दिवसापासून मी तुला मानलं.

तेव्हा मी तुला अहो सिस्टर म्हणायचे. पुढे तूच एकदा वैतागलीस, अहो-जाहो करून मला म्हातारी करू नकोस म्हणालीस, आणि तू माझी शकूताई झालीस.

विहाराच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी तुझी बैठक. नियम दोनच. पहिला, इथे कुणाला नाव नाही. ज्यानं त्यानं आपल्या गावाच्या नावानं बसायचं. पैठणी विणून विणून मानेचा खुळखुळा झालेले ते काका म्हणजे येवला, एसटीनं यायचे आणि शेवटच्या एसटीच्या काळजीत बसायचे. द्राक्षाच्या छाटणीला जाणारी, ऑपरेशननंतर गोळ्या न सुटलेली बाई म्हणजे निफाड. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवणारा कंपनीतला माणूस म्हणजे सिन्नर. प्रकाश झाला देवळा. मी घरची म्हणून बसायचे, तर मला सगळे देवळ्याची बायको म्हणायचे, आणि तू हसायचीस.

दुसरा नियम चहाचा. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली, म्हणजे गोळी घेतली किंवा बाटली तोंडाला लावली, त्यानं चहा करायचा. सांगायचं काही नाही. रडणं नाही, शपथा नाहीत. आपलं उठायचं, कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं चढवायचं. बाकीच्यांनी तो चहा प्यायचा आणि छान झालाय म्हणायचं. दोघं उठले तर एकानं आलं किसायचं, दुसऱ्यानं कप विसळायचे. का घेतली, कधी घेतली, कुणी विचारायचं नाही. इथे नाही आणि घरी गेल्यावर तर मुळीच नाही. हे शेवटचं तू माझ्याकडे बघून म्हणायचीस.

मला पहिल्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. येवल्याचे काका उठले, शेगडी पेटवायला लागले. वयानं मोठा पुरुष माणूस चहा करतोय आणि आपण बाईमाणूस मांडी घालून बसलोय, हे काही मला बघवेना. मी पदर खोचला आणि उठले, काका, द्या इकडे, मी करते. निफाडनं मागून माझा पदर ओढला. प्रकाश तर माझ्याकडे असा बघायला लागला, जशी मीच पाकीट गिळून आलेय. तू शांतपणे म्हणालीस, "वंदना, खाली बस. आज तुझा नाही." येवल्याचे काका पातेल्यात बघत राहिले. नियम कळला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग चहा आला आणि मीही छान झालाय म्हटलं. आलं जरा जास्तच झालं होतं.

आणि एखाद्या मंगळवारी कुणीच उठायचं नाही. तो तुझा सणाचा दिवस. मग चहा नाही, पाणी प्यायचं आणि घरी जायचं. तू आणलेलं दूध तसंच उरायचं. ते परत नेताना तू पिशवी अशी धरायचीस, जसं बक्षीसच मिळालंय. घरी जाऊन विरजण लावायचीस आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर दही आमच्याकडे यायचं. कॉलनीत लोकांना वाटायचं सिस्टरच्या हातचं दही चांगलं लागतं म्हणून वाटते. ते दही कशाचं, हे आम्हालाच माहीत. फार वेळा आलं नाही ते.

एका मंगळवारचं मात्र मला अजून कोडं आहे. सगळे बसले होते, वेळ चालला होता, कुणी उठेना. मला वाटलं, चला, आज दही. तेवढ्यात तू उठलीस, कंबरेवर हात ठेवून सावकाश शेगडीपाशी गेलीस आणि पातेलं चढवलंस.  तू चहा केलास, आम्ही प्यायलो, छान झालाय म्हटलं. तुझी कंबर दुखते हे मला ठाऊक होतं. दवाखान्यात एवढी वर्षं पेशंट उचलले, त्या गोळ्या तुझ्याच हाताखालून जायच्या, हेही ठाऊक होतं. हे सगळं तुला इतकं आतून कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तू विषय बदलला होतास. मग त्या दिवशी तू स्वतःसाठी उठलीस का? की समोर कुणीतरी उठायला धजत नाही, हे तुला दिसलं आणि तू त्याच्यासाठी उठलीस? त्या दिवशी प्रकाश माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसला होता, मान खाली घालून. मी तुला विचारलं नाही. नियमच होता. पण खरं सांगते, नियम नसता तरी विचारलं नसतं. भीती वाटली.

सगळं असं चाललेलं असताना ती खोली गेली. विहार कमिटीला पोरांसाठी अभ्यासिका करायची होती. यावर भांडायचं तरी कसं, आपलीच पोरं. आपले डॉक्टरही पुण्याला मुलाकडे निघून गेले. ते फुकट यायचे, गोळी कशी उतरवायची ते लिहून द्यायचे, तू त्याप्रमाणे लक्ष ठेवायचीस. म्हणजे आता खोली भाड्यानं घ्यायची आणि डॉक्टरही पैसे देऊन आणायचा, नाहीतर बैठक बंद. बैठक बंद म्हणजे काय, हे आपण दोघी मोठ्यानं बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे प्रकाश गाडी चालवत होता आणि खिशात पाकीट होतं.

अशात पेपरात ती बातमी आली. कुठल्याशा औषध कंपनीचं कोर्टातलं प्रकरण तडजोडीनं मिटलं, कंपनीनं पैसे भरले, त्यातला वाटा आपल्या जिल्ह्याला येणार आणि व्यसन सोडवायचं काम करणाऱ्या संस्थांनी कलेक्टर कचेरीत अर्ज करावेत. तू कात्रण घेऊन चष्मा न काढताच माझ्या दारात आलीस. मी वाचलं आणि माझं टाळकं सरकलं. म्हटलं, ज्यांनी विष विकलं त्यांच्या पैशानं आपण चहा प्यायचा? माझ्या नवऱ्याची कंबर मोडून ज्यांनी बंगले बांधले त्यांच्यापुढे हात पसरू? मला नको तो पैसा, मी भाकऱ्या विकून खोलीचं भाडं भरीन. तू माझं सगळं ऐकून घेतलंस. पोळपाटावरची माझी अर्धी लाटलेली पोळी तूच पुढे लाटायला घेतलीस. मग म्हणालीस, "त्यांचा कुठला गं पैसा? प्रकाशनं मेडिकलच्या काउंटरवर मोजलेला आहे तो. येवल्यानं मोजलेला, निफाडनं मोजलेला. आपला आपल्याकडे परत येतोय. तू हात पसरू नकोस, उघड फक्त."

मी लाटणं तुझ्या हातून काढून घेतलं. पटलं असं काही म्हणाले नाही. म्हटलं, अर्ज मी लिहीन, कारण तुझं अक्षर दवाखान्यातलं, कुणाला लागायचं नाही. पण चहाचा खर्च त्या पैशातून नको. तू म्हणालीस, चहा हाच तर आपला दवाखाना, तोच खर्च पहिला लिही. यावर आपली जुंपली ती चांगली आठवडाभर. शेवटी मी हरले. चहापाणी, दूध, साखर, आलं असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

संस्था म्हणून आपल्याकडे होतं काय, तर जुनं महिला मंडळ, शिवणक्लाससाठी नोंदवलेलं. उद्देशात शिलाई मशीन आणि भरतकाम. तू म्हणालीस, फाटलेलं शिवतोच की आपण. मी म्हटलं, हे असलं वाक्य कचेरीत बोलू नकोस. मग वकिलाकडे खेटे, ठराव, सह्या, फोटो. मला या कामाचा कंटाळा येत नाही. कागद पूर्ण झाला की मला बरं वाटतं, हा माझा स्वभाव. तू मला तहसीलदार म्हणायचीस.

आणि मग लाभार्थ्यांच्या यादीवर सगळं अडलं. नाव, पत्ता, आधार नंबर, सही. तू चष्मा काढून खाली ठेवलास. मी म्हटलं, ताई, लिहू या, कचेरीतल्या कपाटात जाणार ते, कोण वाचतंय. तू नाही म्हणालीस. सिन्नरची नोकरी जाईल, निफाडच्या लेकीचं लग्न ठरतंय, आणि प्रकाशचं लायसन्स कुणी मागितलं तर काय करशील? मी म्हटलं, नाव नसलं तर कागद पुढे जात नाही. तू म्हणालीस, नाव असलं तर माणूस पुढे येत नाही. मी चिडले. म्हटलं, तुझ्या तत्त्वापायी बैठकच बंद पडली तर हीच माणसं रस्त्यावर येतील, तेव्हा त्यांची नावं पेपरात वाचू आपण. तुला लागलं ते. मला दिसलं. तू उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "जा आता तू, माझी भाकरी करपतेय. उद्या बोलू."

हेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. पहाटे तुझ्या छातीत दुखलं, रिक्षा येईपर्यंतही तू थांबली नाहीस. भाकरी करपतेय. आजही तव्यावर भाकरी टाकली की मी हातातलं सगळं सोडून तिच्यापाशीच उभी राहते.

रडायला वेळ नव्हता ताई, हे तुला पटेल. अर्जाची मुदत संपत आली होती. तू होतीस तोवर डॉक्टर नसला तरी चाललं असतं, बीपी बघणारी, डोळे बघून ओळखणारी तू होतीस. आता तर कुणीच नव्हतं. एका दुपारी मी ती यादी घेऊन बसले. मला सगळ्यांची खरी नावं माहीत होती. क्लार्क बाई आहे मी, अर्ध्या तासाचं काम. पेन उचललं की तू चष्मा काढून ठेवताना दिसायचीस. जिवंतपणी तू कधी एवढं ऐकायला लावलं नव्हतंस. शेवटी काय केलं असेल सांग. नावाच्या रकान्यात मी लिहिलं, येवला. निफाड. सिन्नर. देवळा. आणि बाकीची सगळी गावं. पत्ता, आधार कोरे. खाली एक ओळ लिहिली की अधिक माहितीसाठी कोणत्याही मंगळवारी संध्याकाळी यावे. वेड्यासारखंच केलं. माझ्या नोकरीत असा कागद कुणी माझ्याकडे आणला असता तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता.

आणि गंमत ऐक. कचेरीतून फोन आला. मॅडम विचारतात, तुमच्या संस्थेच्या इतक्या तालुक्यांत शाखा आहेत? शिवणक्लास असून एवढं काम कसं उभं केलं, आम्हाला बघायला यायचंय. मी हो म्हणू की नाही म्हणू! म्हटलं, मंगळवारी या.

कमिटीनं त्या मंगळवारपुरती आपली जुनी खोली दिली. मॅडम आल्या, माझ्या भाचीच्या वयाच्या असतील, खांद्याला पर्स, हातात आपली फाईल. शाखा वगैरे काही नाहीत, ही माणसंच गावं आहेत, हे मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. तरी बसल्या. सगळे अवघडले होते. येवल्याचे काका सतरंजीचे दोरे मोजत बसले होते. तुझी जागा आपोआप रिकामी राहिली होती, तिथे कुणी टेकलं नाही. बोलणं होईना. मॅडमना वाटलं असणार, आपल्या येण्यानं ही साधी माणसं बावरलीत, आपणच जरा मोकळं व्हावं. चांगल्या घरातली मुलगी, आईनं शिकवलंय. पर्स बाजूला ठेवली, ओढणी बांधली आणि उठल्या. म्हणाल्या, तुम्ही सगळे बसा, आज चहा मी करते.

ताई, आता पुढचं ऐक. निफाडनं तोंडावर पदर धरला. मला माझा पहिला दिवस आठवला. मी तोंड उघडलं, पण काय म्हणणार? मॅडम, खाली बसा, इथे जो चहा करतो त्यानं गोळी घेतलेली असते? सरकारी बाईला असं सांगायचं आणि अनुदान मागायचं? त्या शेगडीपर्यंत पोचल्या. काडेपेटी शोधायला लागल्या.

तेवढ्यात प्रकाश उठला.

भिंतीचा आधार घेऊन उठला, त्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या हातातून हळूच पातेलं घेतलं. "मॅडम, तुम्ही बसा. आजचा माझा हाय."

मला आधी वाटलं, वेळ निभावून नेली, हुशार माझा नवरा. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की तसं नाही. त्यानं घेतली होती. तू गेल्यावर, त्या दिवसांत कधीतरी, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांखाली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वाटलं सगळ्यांदेखत ओरडावं. इतकी वर्षं ताईनं जीव ओतला आणि ती गेली न गेली तोच तू... पण तो पाठमोरा उभा होता, एकेक कप पाणी मोजून घालत होता. परक्या सरकारी बाईसमोर उठायला किती जड गेलं असेल त्याला. बसून राहिला असता तर कुणाला कळलं असतं? मी पण उठले, कप विसळायला घेतले. माझी चूक नव्हती, तरी उठले. नियम मोडला असेल तर मोडला.

चहा झाला. सगळ्यांनी घेतला, छान झालाय म्हणाले. मॅडम गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या. तेव्हा येवल्याच्या काकांनी कप खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं. आपल्या आपण, कुणी न विचारता. "मॅडम, इथं जो चुकला त्यो चहा करतो. म्यां लय येळा केलाय. आमच्या सिस्टरनी कधी नाव नाय इचारलं, म्हनून आम्ही येतो. नाव लिवायचं असंल तर उद्यापास्नं खोली रिकामी दिसंल." मॅडमनी प्रकाशकडे पाहिलं, हातातल्या कपाकडे पाहिलं. मग तो चहा त्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. फाईलमध्ये काही लिहिलं नाही. जाताना मला म्हणाल्या, नावं डॉक्टरांकडे राहू द्या, आम्हाला त्यांच्या सहीनं नुसता आकडा दिला तरी चालेल असं मी साहेबांना सांगून बघते. म्हणजे आपल्या भांडणात तू जिंकलीस. कागदही पुढे गेला आणि माणसंही राहिली. मी हरले, आणि हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

घरी जाताना प्रकाश आणि मी चालत निघालो. मी काही विचारलं नाही. माझ्यासारख्या बाईला हे किती कठीण गेलं, ते तुला सांगायला नको. कॉलनीच्या कमानीपाशी आल्यावर तोच म्हणाला, "ताईंच्या जलदानविधीच्या दिवशी घेतली. त्यांचा फोटो लावला ना, तवा. एकच घेतली." मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. मग थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, मागे तो एक मंगळवार आठवतो का, ताई स्वतः उठल्या होत्या? मी थांबले. तो म्हणाला, "त्या दिवशी पन माझाच होता. माझ्याच्यानं उठवलं नाय. त्यांच्याच्यानं बघवलं नाय म्हनून त्या उठल्या. आज ताई नव्हत्या, मग मीच उठलो."

माझं कोडं सुटलं, निदान अर्धं. तू तुझ्यासाठीही उठली असशील, कोण जाणे, कंबर तर तुझी दुखतच होती. ते आता तुझ्यापाशी. पण तू माझ्या नवऱ्याचा चहा केलास आणि मला कळू दिलं नाहीस. मी तुला त्याच महिन्यात दही आलं नाही म्हणून टोमणाही मारला होता. तू हसली होतीस. तुझे आभार मानायचे राहून गेले, ते आता मानते. तुला आवडणार नाही, तरी मानते.

आणि मंजुरी आली, ताई. खोलीचं भाडं मंजूर, डॉक्टरांचं मानधन मंजूर. एका बाबीवर लाल शाईनं रेघ. चहापाणी, दूध, साखर, आलं. नियमात बसत नाही, अल्पोपाहार अनुज्ञेय नाही, नामंजूर. मी ते वाचलं आणि ऑफिसात एकटीच हसत सुटले, शिपाई दारातून डोकावून गेला. आठवडाभर भांडलो होतो ना आपण? घे. त्या पैशानं खोली येईल, डॉक्टर येईल, तो आपलाच पैसा आहे हे तुझं म्हणणं मी मान्य करते. पण चहा आपल्या पदरचा. एक तरी भांडण मी जिंकले, तेही सरकारच्या लाल शाईनं.

नवी खोली पिठाच्या गिरणीमागे आहे. सतरंजी झटकली की पीठ उडतं. काल तिथला पहिला मंगळवार होता. तुझं पातेलं मी घासून नेलं होतं, काळं काही निघालं नाही. दूध नेलं, आलं नेलं. नवे डॉक्टर आले, सगळ्यांचं बीपी बघून कोपऱ्यात बसले. सगळे आले होते, सिन्नरपण आला. मी कुणाकडेच बघत नव्हते, प्रकाशकडे तर नाहीच. गिरणी घरघरत होती. वेळ गेला. शेगडीपाशी कुणी जाईना. निफाडनं पदर सारखा केला, मला वाटलं उठते, पण ती नुसतीच नीट बसली. येवल्याच्या काकांनी एसटीची वेळ झाली म्हणून घड्याळ बघितलं, सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, चला, आज पाणीच द्या.

सगळे पाणी प्यायले. मी पिशवी उचलली. जड होती. प्रकाश घ्यायला पुढे आला, मी दिली नाही, मीच धरली, तू धरायचीस तशी. घरी येऊन विरजण लावलं. सकाळी बघते तर घट्ट लागलंय. एक वाटी तुझ्या बंद दाराशी नेऊन ठेवावी असं वाटलं, मग म्हटलं वेडेपणा नको, निफाडला दिली.

काल दूध उरलं, शकूताई.